१८९२ ची विंचेस्टर, सात दुखणी आणि ठाण्यातील एक दुरुस्तीचे दुकान

ठाणे पश्चिमेला शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेले एक जुने, अरुंद दुकान आहे. तेथे मी गेल्या पावसाळ्यात माझ्या आजोबांची लिव्हर-ॲक्शन कार्बाइन, म्हणजे चापाभोवतीची लिव्हर खाली-वर करून चालवायची आखूड रायफल, काही किरकोळ भाग बदलण्यासाठी दिली होती आणि ती नुकतीच घरी परत आली. अशा कामाबद्दल मराठीत लिहिलेले मला शोधूनही सापडले नाही, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मात्र लिहीत नाही, कारण चालकांनीच तशी अट घातली. “नाव लिहिलंत तर पोरं छऱ्याच्या बंदुका घेऊन रांग लावतील, आणि माझ्या डोळ्यांना आता तेवढं काम झेपत नाही,” असे त्यांचे म्हणणे. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना हे दुकान शोधायला फार वेळ लागणार नाही. ठाण्यात असली दुकाने आहेतच किती?

आधी बंदुकीविषयी. ती विंचेस्टर कंपनीची १८९२ मॉडेलची कार्बाइन आहे : २० इंची नळी, नळीखाली गोळ्यांची लांब नळकांडी, डाव्या अंगाला खोगिराला अडकवण्याची लोखंडी कडी आणि अक्रोडाचा दस्ता. कॅलिबर, म्हणजे गोळीचे माप, ४४-४०. आजोबांनी ती जव्हारकडच्या एका जमीनदाराकडून रीतसर परवान्यावर घेतली होती, त्यांच्यामागे वडिलांच्या आणि आता माझ्या परवान्यावर ती चढली आहे. हे मॉडेल जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्या १८८६ च्या मोठ्या रायफलची लहान आवृत्ती म्हणता येईल, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अशा दहा लाखांहून अधिक बंदुका बनल्या. रचना पाहत राहावी अशी आहे. चापाभोवतीची लिव्हर खाली ढकलली की बोल्टच्या, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याच्या, दोन्ही कडांना धरून उभ्या असलेल्या दोन लॉकिंग पट्ट्या खाली उतरतात, बोल्ट मागे सरकतो, जाता जाता घोडा मागे चढवतो. लिव्हर परत वर आणली की सगळे उलट क्रमाने बंद होते आणि त्या दोन पट्ट्यांची टोके वरून पाहताना बोल्टच्या दोन्ही बाजूंना अगदी सपाट येऊन बसलेली दिसतात. माझ्याकडे या कॅलिबरची एकही गोळी नाही आणि मला ती चालवायचीही नाही. पण वस्तू घरात आहे तर ती धड असावी, एवढाच हेतू.

धड मात्र ती नव्हती. नळकांडीच्या टोकाचे बूच धरून ठेवणारा छोटा स्क्रू कोणीतरी पूर्वी बदललेला होता आणि तो आट्यांत धरतच नव्हता; आतल्या लांब स्प्रिंगच्या जोरावर बूच कधी उडेल याचा नेम नव्हता. उजव्या बाजूला गोळी भरण्याची जी स्प्रिंगची झडप असते, तिच्या स्क्रूच्या डोक्याची खाच पार गोल झाली होती. दस्त्याच्या टाचेवरील पत्र्याचा एक स्क्रू हा चक्क सुताराकडचा पितळी स्क्रू होता. बंदूक हातात उभी धरली की लिव्हर आपोआप लोंबकळायची. नळी आणि नळकांडी यांना एकत्र धरणाऱ्या पुढच्या पट्ट्याचा स्क्रू वाकलेला होता. घोड्याच्या स्क्रूचे डोके चेपलेले होते.

सातवे दुखणे माझ्या हातचे. नळीच्या मागच्या चौकटीचे जे शेपूट दस्त्यावर येते, त्यातून दस्ता आवळणारा एक लांब स्क्रू जातो. तो घरीच काढून दस्त्याच्या आत जवसाचे तेल द्यावे अशी बुद्धी मला एका रविवारी झाली. घरातला चांगल्यातला स्क्रू ड्रायव्हर घेतला, जोर दिला, आणि तो खाचेतून निसटून शेपटावर सुमारे दीड सेंटिमीटरचा चकचकीत ओरखडा काढून गेला. सव्वाशे वर्षांच्या करड्या-तपकिरी पोलादावर ती पांढरी रेघ अशी उठून दिसत होती की मी बंदूक गुंडाळून कपाटात ठेवली आणि दोन महिने उघडली नाही.

मग शोध सुरू झाला. जांभळी नाक्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात बुचाचा काढलेला स्क्रू दाखवला, तेव्हा दुकानदाराने तो दोन बोटांत फिरवून क्षणात सांगितले, “एम-४ आहे, घेऊन जा पाच रुपयाला दोन.” हा सापळा समजून घेण्यासारखा आहे. इंचाला ३६ आटे असलेल्या स्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, ०.७०५६ मिलिमीटर येतो आणि आपल्या नेहमीच्या एम-४ चा, म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचा, पिच ०.७ मिलिमीटर असतो. म्हणजे डोळ्यांना दोन्ही सारखेच. इंच मापातल्या ८-३६ आकाराच्या स्क्रूचा व्यास ४.१७ मिलिमीटर असतो, म्हणून त्याच्या भोकात एम-४ आनंदाने शिरतो, फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण आट्यांना जेमतेम टोकावर टेकतो. दोन-तीनदा आवळला की आटे खाऊन टाकतो. शिवाय जुन्या कारखान्यांचे बरेचसे स्क्रू आजच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाहीत, कारण प्रत्येकाने आपापल्या सोयीचे माप धरले होते. माझ्या नळकांडीच्या टोकाशी पूर्वी कोणीतरी नेमके हेच ‘बसतंय की’ केले होते.

वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरने नमुना पाहून अर्ध्या तासात बनवून देतो म्हटले. काम त्याला जमलेही असते. परंतु त्याला हा स्क्रू कशाचा आहे हे सांगितल्यावरही त्याने काही विचारले नाही, आणि तेथूनच मी मागे फिरलो. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणे, विकणे याबरोबरच दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो. परदेशी संकेतस्थळांवर जुन्या विंचेस्टरचे स्क्रू पुड्यांनी विकायला असतात, पण आयातीला कलम १० आडवे येते. तिकडचा ‘अँटिक’ हा शब्दही आपल्याला उपयोगाचा नाही. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना वेगळी वागणूक मिळते. आपल्याकडे कलम ४५ मधली सूट पुराणवस्तूच्या मोलाच्या त्याच हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही चालू शकणार नाही. माझी बंदूक चालू शकते. तेव्हा वय कितीही असो, ती परवान्यावरचीच. ज्यांच्या घरी आजोबांची अशी वस्तू आहे त्यांनी हे मनावर घ्यावे, कारण दोनशे रुपयांच्या स्क्रूपायी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ येऊ शकते.

तर या दुकानाकडे. चालक सत्तरीच्या आसपासचे आहेत, मी त्यांना काका म्हणू लागलो. मदतीला त्यांचा पुतण्या असतो. पहिल्या भेटीत मी बंदूक नेलीच नव्हती, फक्त छायाचित्रे नेली होती, आणि ती त्यांनी बाजूला सारली. “साहेब, फोटोत आटे दिसत नाहीत. लायसन्स घेऊन या, बंदूक घेऊन या.” दुसऱ्या खेपेला गाडीने, पेटीत बंद करून, रिकामी असल्याची खात्री करून नेली. त्यांनी आधी स्वतः लिव्हर उघडून आत बोट घालून पाहिले, मग चौकटीच्या खालच्या अंगाचा क्रमांक भिंगातून वाचून परवान्याशी ताडला, नोंदवहीत लिहिला, पावती फाडली. पंधरा मिनिटे यातच गेली. मला हे आवडले. घाईने ‘ठेवून जा’ म्हणणाऱ्याकडे मी माझी बंदूक सोडली नसती.

त्यानंतर जे झाले ते मी आजवर कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात पाहिलेले नाही. त्यांनी एकाही स्क्रूला हात लावला नाही. दिव्याखाली प्रत्येक डोक्याची खाच पाहिली, फीलर गेजची, म्हणजे फटीची रुंदी मोजण्याची, पातळ पाने एकेक करून खाचेत सरकवली आणि एका वहीत आकडे लिहिले. माझा स्क्रू ड्रायव्हर का घसरला ते तेव्हा कळले. आपल्या घरातल्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक पाचरीसारखे निमुळते असते. ते खाचेच्या वरच्या कडांनाच टेकते आणि पिळ दिला की स्वतःला वर ढकलते. जुन्या बंदुकांच्या खाचा तर अरुंद आणि सरळ भिंतींच्या असतात. त्यांना टोकाच्या दोन्ही बाजू समांतर घासलेले, खाचेच्या तळापर्यंत पोहोचणारे आणि रुंदीला डोक्याएवढेच असलेले पाते लागते. काकांच्या फळीवर अशी घासून घेतलेली तीस-चाळीस पाती होती, आणि तरीही माझ्या शेपटाच्या स्क्रूसाठी त्यांनी नवे घासायला घेतले. सहाणेवर दोन-चार हात, मग खाचेत बसवून पाहायचे, परत दोन हात. पाते शेवटी असे बसले की बंदूक आडवी केली तरी ते सुटून पडले नाही.

माझ्या यादीत भाग बदलण्याची सात कामे होती. त्यांनी चार घेतली.

शेपटाचा स्क्रू बदलायला त्यांनी नकार दिला, कारण तो मूळचा होता आणि डोके थोडे कुरतडले असले तरी खाच शाबूत होती. घोड्याच्या स्क्रूचे डोके त्यांनी हलक्या हातोडीने कडांवरून आत दाबून, उठलेला धातू जागच्या जागी परत बसवून सुधारले, बदलला नाही. कानस लावली नाही याकडे त्यांनी माझे लक्ष मुद्दाम वेधले, कारण कानशीने गेलेला धातू परत येत नाही आणि डोके खाली बसले की भोवतीचा कंगोरा उघडा पडतो. तिसरे काम, पुढच्या पट्ट्याच्या वाकलेल्या स्क्रूचे, त्यांनी मागे ठेवले. त्याविषयी शेवटी सांगतो. ओरखडा घालवण्याविषयी मी अडखळत विचारले. उत्तर असे आले : “राहू द्या. तो तुमचा आहे. मी घासायला बसलो तर शेपटावरची अक्षरंपण जातील.” हे ऐकताना थोडे लागले, पण शेपटावर मॉडेलचे नाव कोरलेले असते आणि ते पुसट झालेली बंदूक जाणकाराच्या लेखी निम्मी उरते, हेही खरे.

हाती घेतलेल्या चारांपैकी मला सगळ्यात मोलाचे वाटले ते बुचाच्या स्क्रूचे काम. भोकातले आटे त्या आगंतुक स्क्रूने घासले गेले होते. सोपा मार्ग म्हणजे भोक मोठे करून नवे आटे पाडणे आणि बाजारातला जाड स्क्रू बसवणे. दहापैकी नऊ कारागीर तेच करतील. काकांनी भोक होते तसे ठेवले आणि स्क्रूच मिलिमीटरच्या काही शतांश भागाने जाड बनवायचे ठरवले, म्हणजे झिजलेल्या आट्यांत तो पुन्हा घट्ट धरेल. असा स्क्रू आटे पाडण्याच्या तयार डायमधून निघत नाही, लेथवर एकाच टोकाच्या हत्याराने एकेक फेरीत आटे उतरवावे लागतात. आट्यांचे माप घेणाऱ्या पिच गेजचे जे पान बसले ते इंचाचे होते आणि त्यांचा लेथ मिलिमीटरचा. तेव्हा खणातून त्यांनी एक मोठे दातेरी चाक काढले आणि मला दात मोजायला सांगितले. मी कंटाळून साठावर थांबलो, तेव्हा ते हसले : १२७. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याच्या पाचपट १२७. हे चाक गिअरच्या साखळीत घातले की मिलिमीटरचा लेथ इंचाचे आटे बिनचूक कापतो. मी स्वतः अभियांत्रिकीचा पदवीधर असून हे पुस्तकात वाचले होते, पण चाक हातात घेण्याचा प्रसंग वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आला.

लेथ चालताना मी शेजारी उभा होतो. पेन्सिलीपेक्षा बारीक पोलादी कांडी, तिच्यावर ब्रशने एक थेंब तेल, आणि हत्यार पुढे सरकताच केसासारखी कुरळी किस बाहेर येई. प्रत्येक फेरीनंतर ते यंत्र थांबवत, दाताच्या ब्रशने आटे झाडत आणि बूच आणून लावून पाहत. आठव्या की नवव्या फेरीला स्क्रू दोन आटे आत गेला आणि अडला. त्यांनी आणखी एक फेरी घेतली, इतकी हलकी की किस पडलीच नाही, धूळ पडली. मग तो बोटांनी फिरवत थेट बसला आणि शेवटच्या पाव फेरीला पाते लागले. पोलाद कोणते, असे विचारले तर ई-एन-८, म्हणजे मध्यम कार्बनचे, आणि त्याला त्यांनी मुद्दाम कडक केले नव्हते. कारण विचारताच, “झिजायचं तर स्क्रूनं झिजावं, नळकांडं दुसरं कुठून आणू?”

झडपेच्या स्क्रूची गोष्ट निराळी. तो निघतच नव्हता. तीन दिवस गंज सोडवणारे तेल पाजले, तरी नाही. मग सोल्डरिंगच्या इस्त्रीचे तापलेले टोक त्यांनी फक्त स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवले, गार होऊ दिले, परत टेकवले. डोके फुगते, आकसते, गंजाची पकड मोडते. भोवतीच्या पोलादाला झळ लागत नाही. चौथ्या खेपेला तो ‘टिक्’ असा आवाज करून सुटला. हे मी पाहिलेले नाही. पुतण्याने फोनवर सांगितले, आणि त्या घरात त्या दिवशी जिलेबी आली होती असेही सांगितले.

नव्या स्क्रूंच्या रंगावरून मात्र आमचे थोडे वाजले. पोलाद हळूहळू तापवले की पृष्ठभागावर रंग उमटत जातात : साधारण २२० अंशांना फिका पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास तो मोरपिसासारखा निळा. काका हे पितळेच्या किसाने भरलेल्या छोट्या थाळीत स्क्रू उभे खोचून, खाली गॅसची ज्योत ठेवून करतात, म्हणजे उष्णता सगळीकडून सारखी लागते. मला तो निळा हवा होता. जुन्या घड्याळांत तसे स्क्रू पाहिलेले, ते फार देखणे दिसतात. त्यांनी माझ्यासमोर एक स्क्रू तसा करून बंदुकीवर ठेवून दाखवला आणि म्हणाले, “म्हातारीच्या नाकात नवी नथ.” दिसतही तसेच होते. अखेर त्यांनी रंग निळ्याच्या पुढे, करडेपणावर जाऊ दिला, तेलात बुडवला आणि वरून जुन्या तागाच्या फडक्याने इतका चोळला की आज तीन हातांवरून नवा कोणता हे मलाही सांगता येत नाही. टाचेच्या पत्र्याच्या स्क्रूलाही हेच केले. त्याचे डोके पहिल्यांदा पत्र्याच्या किंचित वर राहिले होते, नख अडकत होते. दाखवल्यावर त्यांनी न कुरकुरता काढून परत बसवले.

लोंबकळणाऱ्या लिव्हरचे कारण स्क्रू नव्हताच. लिव्हरच्या पुढच्या भागात एक लहानशी गोल टोकाची खुंटी असते, तिच्यामागे मुगाच्या दाण्याएवढी स्प्रिंग. लिव्हर बंद झाली की ही खुंटी दाबली जाऊन तिला जागेवर धरून ठेवते. स्प्रिंग मेली की लिव्हर लोंबणारच. काकांनी पियानो वायरची नवी स्प्रिंग वळली, पण पहिली भलतीच ताठ झाली. घरी आल्यावर लिव्हर उघडायला अंगठ्याची कळ निघायची, आणि उघडताना ती झटक्याने सुटायची. जुन्या यंत्राला असे झटके नकोत. मी परत घेऊन गेलो, आणि येथे माझी पहिली तक्रार : देण्यापूर्वी त्यांनी लिव्हर दहा वेळा चालवून पाहिली असती तर माझी खेप वाचली असती. दुसरी स्प्रिंग त्यांनी बारीक तारेची केली. आता लिव्हर बोटाच्या दाबाने सुटते आणि बंद होताना आत काहीतरी नेमके जागेवर बसल्याचे हाताला कळते.

दुसरी तक्रार वेळेची. तीन आठवडे सांगितले होते, नऊ लागले. मधल्या काळात दुकानाचा फोन बहुधा वाजत राहतो. पुतण्या असला तर उचलतो, काका उचलत नाहीत. पावसाळ्यात लेथ बंद ठेवावा लागला हे कारण खरे असेल, पण ते मला मी गेल्यावर कळले. बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात असताना परवानाधारकाला जी धाकधूक असते ती त्यांना ठाऊक नसेल असे नाही, म्हणून एक निरोप अपेक्षित होता.

तिसरी तक्रार कागदाची. आधी अंदाजपत्रक लेखी दिले नाही, आणि बिलावर एकच ओळ आली : ‘किरकोळ दुरुस्ती’. मला परवान्याच्या फायलीत कोणते भाग बदलले याची नोंद हवी होती. मागितल्यावर त्यांनी दुकानाच्या शिक्क्यानिशी स्वतंत्र चिठ्ठी लिहून दिली, अक्षर मोत्यासारखे. तुम्ही गेलात तर ती पहिल्याच दिवशी मागा.

पैशांविषयी. बनवलेल्या तीन स्क्रूंचे प्रत्येकी ९५० रुपये, स्प्रिंगचे ६००, अडकलेला स्क्रू काढण्याचे ८०० आणि घोड्याच्या स्क्रूचे डोके बसवण्याचे ३००, असे मिळून ४,५५० रुपये झाले. दुसऱ्या स्प्रिंगचे त्यांनी घेतले नाहीत. पाच रुपयांना दोन मिळणाऱ्या स्क्रूच्या हिशेबाने हे कोणाला डोईजड वाटेल, परंतु एका स्क्रूमागे जाणारा वेळ मी उभा राहून पाहिला आहे आणि मला ते महाग वाटले नाहीत. ज्यांना बंदूक चकाचक, नव्यासारखी करून हवी आहे त्यांनी येथे जाऊ नये. पैसे देऊनही ते काम होणार नाही आणि वर दोन शब्द ऐकावे लागतील.

जे भाग बदलले ते सगळे त्यांनी परत दिले. दवाखान्यात गोळ्या देतात तसल्या खाकी पाकिटात, प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने कोणता भाग, कोठून काढला आणि तारीख. मेलेली स्प्रिंगही. एवढेच काय, तो आगंतुक स्क्रू आणि सुताराचा पितळी स्क्रूसुद्धा, ‘मूळचा नाही’ असे लिहून. ही पाकिटे बंदुकीबरोबर ठेवायची, असे त्यांनी बजावले.

पुढच्या पट्ट्याचा स्क्रू राहिला आहे. तो नळी आणि नळकांडी यांच्या मधल्या फटीतून आडवा जातो, दोन्हींना चाटून, आणि पूर्वी कोणीतरी न फिरवता ठोसा लावून तो ठोकून काढायचा प्रयत्न केलेला दिसतो. सरळ करायला गेले तर तुटेल आणि तुटला तर आतला तुकडा काढताना नळीला दुखापत होण्याची भीती आहे. काकांनी पट्ट्याला दोन्ही बाजूंनी तेल लावून ठेवले आहे, दर रविवारी एक थेंब घालायला मला सांगितले आहे, आणि थंडी सरल्यावर या म्हणाले आहेत. दुकान सोमवारी बंद असते, बाकीचे दिवस अकरानंतर उघडते. गाडी गल्लीत शिरत नाही, त्यामुळे पेटी हातात घेऊन पाच मिनिटे चालावे लागते.